आई आणि मिनिटकाटा

तीर्थरूप मामास,

साष्टांग नमस्कार. (वर ‘तीर्थरूप’ लिहून पुढे सगळं पत्रभर अरे-तुरे करणार आहे, पण आई म्हणते मायना तरी माणसासारखा लिही.) तुझा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला? आणि ते मांजर अजून तुझ्याच खुर्चीत बसतं का? आमच्याकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे आई माझ्याशी बोलत नाही, बाबांशी तर नाहीच नाही, आणि चौकातल्या मनोऱ्याच्या घड्याळाला किल्ली देणारे काका मला पाहिलं की तोंड फिरवतात. या सगळ्याचं मूळ तू दिलेला कॅमेरा आहे, म्हणून गाऱ्हाणंही तुझ्यापाशीच.

तर झालं असं. वाचनालयाच्या हॉलमध्ये पुढच्या महिन्यात शहरातल्या जुन्या वास्तूंच्या कृष्णधवल फोटोंचं प्रदर्शन आहे. माणशी एकच फोटो. मी सेक्रेटरींना छातीठोकपणे सांगून आले की भर दिवसाचा घड्याळाचा चौक देईन आणि त्यात चिटपाखरू नसेल. युक्ती तूच शिकवलेली: भिंगापुढे काळी काच लावायची आणि कॅमेऱ्याचा पडदा चार मिनिटं उघडा ठेवायचा. जे जागचं हलत नाही ते उमटतं, जे हलतं ते पुसलं जातं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात मी काचाच घासते, तेव्हा ही काच विकत कशाला घ्यायची? वेल्डिंगवाल्याकडून एक तुकडा आणला आणि घासून गोल केला. (त्यातून जग हिरवंगार दिसतं, पण कृष्णधवल फिल्मला त्याचं काय सोयरसुतक.)

रविवारी आम्ही तिघं निघालो. बाबा ‘सोबत’ म्हणून आले, म्हणजे वर्तमानपत्र घेऊन समोरच्या बाकावर बसले. आई ‘मदतीला’ आली. एकतीस वर्षं वॉर्डाची मुख्य नर्स असलेल्या बाईला बसणं ठाऊकच नाही. मी कळ दाबली मात्र, तिने पायऱ्यांवरचे कागद उचलले, आडव्या लावलेल्या दोन स्कूटर तिथून काढायला लावल्या, मनोऱ्याची पाटी रुमालाने पुसली, आणि एका अनोळखी बाईला पोराच्या कानांवर टोपी नीट ओढायला सांगून आली. हे सगळं माझ्या कॅमेऱ्याच्या नाकासमोर! मी तिला हाकही मारली नाही. म्हटलं, हलतेय ना, मग पुसली जाईल. आज त्या वाक्याची मला लाज वाटते.

न्हाणीघरात फिल्म धुतली (बाबांची अंघोळ दीड तास लांबली, ती त्यांनी आनंदाने सोसली) आणि फोटो दोरीवर वाळत घातला. चौक कसा धुऊन काढल्यासारखा. ढग पिंजलेल्या कापसासारखे. माणूस नाही, स्कूटर नाही. आणि बरोब्बर मध्ये आमचे तीर्थरूप! शर्टाची बटणं मोजून घ्यावीत इतके स्वच्छ. चार मिनिटांत त्यांनी पानसुद्धा उलटलं नव्हतं. आईने चष्मा लावला, फोटो वरून खाली पाहिला आणि विचारलं, यात मी कुठे आहे? आणि मी मूर्खासारखी तिला त्यामागचं शास्त्र सांगत बसले.

तेवढ्यात किल्लीवाले काका आले. त्यांना फोटो दाखवायचं मीच कबूल केलं होतं. त्यांच्या घड्याळाचा मिनिटकाटा गायब, तिथे नुसता फराटा; तासकाटा मात्र ठसठशीत. दर सोमवारी एकशे अठरा पायऱ्या चढून मी किल्ली देतो, ते काय एका काट्याच्या घड्याळासाठी, असं म्हणून ते चहा न घेता गेले. आई म्हणाली, “धावतो तो दिसत नाही, रेंगाळतो तो दिसतो. आपल्या घरातलंच घड्याळ आहे.”

“अगं, मी तर काहीच केलं नाही,” बाबा म्हणाले.

“तेच म्हणतेय मी.”

आणि तिने जाहीर केलं की हा फोटो भिंतीवर लागला तर ती प्रदर्शनाला पाऊल ठेवणार नाही. मामा, तू हसत असशील, पण मला रात्रभर वाईट वाटलं. माझा पहिलाच फोटो लागणार, आणि तो बघायला आईच नाही, तर मग वाचनालयाच्या भिंतीला काय करायचंय! सकाळी उठून तिला म्हटलं, चल, तुझ्यासह काढू. चार मिनिटं उभी राहा. (तेवढंच बोलणं झालं.) ती इस्त्रीची साडी नेसून आली आणि पायरीवर उभी राहिली. चाळीस सेकंद. मग एक गृहस्थ धापा टाकत आले. तिने त्यांना बसवलं, नाडी पाहिली, पाणी आणायला धावली, परत आली. फोटोत ते गृहस्थ अर्धे पारदर्शक आहेत, मनगट पुढे केलेलं, आणि त्या मनगटावर पुसटशी तीन बोटं. बाकी आई नाही. तिने तो फोटो बराच वेळ पाहिला. “नाडी बरोबर धरली आहे,” म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

असो. मामीला नमस्कार, मांजराला जे काय सांगायचं ते सांग.

तुझी भाची

ता. क. फोटो द्यायची मुदत सोमवारपर्यंत आहे.

ता. क. २. पत्राचं खरं कारण आता लिहिते. तू ‘येतो’ म्हणून कळवतोस तेव्हा आई खिडकीशी उभी राहते. मागच्या वेळी मी घड्याळ लावून पाहिलं, अकरा मिनिटं ती हलली नाही. (तू आला नाहीस, ते वेगळं. तीन वर्षांत चार वेळा.) या रविवारी चारच्या बसने ये, आईला मी मनोऱ्याच्या पायरीवर तुझी वाट बघत उभी करते. बसथांब्यापासून मनोऱ्यापर्यंतचा रस्ता सरळ आहे, तू लांबूनच दिसशील. गुडघा दुखतोय असं समजून हळूहळू चालत ये. तू चालत असणार, म्हणजे फोटोत तू उमटणार नाहीस. वाईट वाटून घेऊ नकोस. ती उमटेल.

ता. क. ३. हे मी लिहितेय, तुझी ताई. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं, आणि पाकीट उघडं. मी खिडकीशी उभीबिभी नसते, पडदे झटकत असते. रविवारी चारला मनोऱ्याखाली आहे. हळूहळू येण्याचं नाटक नको. पाय उचल.