आत्याच्या घड्याळाची आंघोळ

श्योनवाल्ड, मॅनिटोबा
डिसेंबरचा दुसरा शनिवार

आदरणीय आगाथा आत्या यांस,
कॉर्नीचा सप्रेम नमस्कार.

इकडे आम्ही सगळे देवाच्या कृपेने आणि हेल्गाने विणलेल्या लोकरी मोज्यांच्या आधाराने सुखरूप आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? तिकडच्या पावसाळी हवेत तो फार कुरकुरतो, असं तुम्ही लिहिलं होतं. इथल्या थंडीत माणसांचीच तोंडं उघडत नाहीत, तिथे गुडघ्यांचं काय घेऊन बसलात! नाताळच्या कार्यक्रमाला तुम्ही येताय हे वाचून घरात आनंदीआनंद झाला. हेल्गाने तुमच्यासाठी सॉसेज धुरीला टांगलंसुद्धा. (मलाही आनंद झाला. आधी आनंद झाला, मग घाम फुटला. बाहेर उणे तीस असताना फुटला, यावरून काय ते ओळखा.)

तुम्ही आपली शाळा उभं आयुष्य चालवलीत, पण तुमच्या काळी व्यक्तिमत्त्व विकास नावाची भानगड नव्हती. मूल शाळेत यायचं, प्रार्थना म्हणायचं, पाढे म्हणायचं आणि मोठं होऊन गहू पेरायचं. व्यक्तिमत्त्व मध्येच कधीतरी मिसरुडासारखं आपोआप फुटायचं. आता तसं चालत नाही. आपले शाळा मंडळाचे अध्यक्ष याकोब एन्स उन्हाळ्यात शहरात कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि तडक माझ्याकडे येऊन म्हणाले, "कॉर्नी, पोरं गणितात पक्की आहेत रे, पण आतून वाढतायत का?" मी म्हटलं, बाहेरून तर वाढतायत, दरवर्षी बाकं बदलावी लागतात. त्यांना विनोद कळत नाही हे मी दरवेळी विसरतो. ठरलं असं, की दर महिन्याला एक सद्गुण घ्यायचा आणि महिनाभर पोरांच्या अंगी मुरवायचा, लोणच्यासारखा.

ऑक्टोबरात धीर घेतला. तो पोरांना इतका आवडला, की सात आठे किती विचारलं तरी "सर, धीर धरा" असं उत्तर यायला लागलं. नोव्हेंबरात कृतज्ञता घेतली. त्यात प्रत्येक पोर प्रत्येक गोष्टीबद्दल उभं राहून आभार मानायचं, आणि खडू, फळा आणि हीटर यांचे आभार होईपर्यंत भूगोलाचा तास संपायचा. (भूगोल संपल्याबद्दलही आभार मानले गेले.) डिसेंबरात मात्र मी स्वतः निवडला तो गुप्त चांगुलपणा. या हाताचं त्या हाताला कळू नये, ही तुमचीच शिकवण. एका टोपीत गावातल्या लोकांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. जिचं नाव येईल त्या व्यक्तीसाठी गुपचूप काहीतरी चांगलं करायचं, आणि ते आपण केलं असं कधीही, कुणालाही सांगायचं नाही. सांगितलं तर बक्षीस इथेच मिळालं, स्वर्गातलं बुडालं.

आत्या, चांगुलपणा इतका धोक्याचा असतो हे मला माहीत नव्हतं. एन्सकाकांच्या अंगणातला बर्फ कुणीतरी पहाटे उपसून शेजारच्या पेनरबाईंच्या दारात टाकला. पेनरबाईंची चिठ्ठी ज्याच्याकडे होती त्याने तो संध्याकाळी उपसून परत एन्सकाकांच्या दारात टाकला. आठवडाभर तोच बर्फ भक्तिभावाने येत-जात होता. रविवारी उपासना चालू असताना कुणीतरी चर्चच्या कपडे टांगायच्या खोलीत शिरून अख्ख्या मंडळीने काढून ठेवलेले बूट काळ्या पॉलिशने चकचकीत केले, तपकिरी बूटसुद्धा, आणि वर मापाप्रमाणे ओळीत लावून ठेवले. बाहेर पडताना सगळेच बूट काळे, सगळेच चकचकीत. पास्टर अजून कुणाचे तरी घालून हिंडतायत.

बुटांचं काम कुणाचं ते मी लगेच ओळखलं, कारण तिसरीतल्या ॲनेलीस फंकच्या कोपरापर्यंत पॉलिश होतं. ही फंकांची धाकटी. मन लोण्याचं, पण हात लावील तिथे काहीतरी सांडतं. मदत करायला आली की तिची आई आधी कपबशा उचलते. तरी पोरगी हटत नाही. "पुढच्या वेळी नीट जमेल" म्हणते आणि पुन्हा हात घालते. मला ती शाळेतली सगळ्यात शूर पोर वाटते. यंदाच्या नाताळच्या नाटकात म्हणूनच तिला देवदूताचं काम दिलं. मेंढपाळांसमोर येऊन "भिऊ नका" म्हणायचं, एवढंच. घरी कोंबड्यांसमोर म्हणून म्हणून तिने ते पाठ केलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. (तुम्ही बसून वाचताय ना? गुडघ्यासाठी विचारतोय.) गावातली नावं कमी पडली म्हणून मी टोपीत एक चिठ्ठी तुमच्या नावाची टाकली होती. ती ॲनेलीसला आली. तुम्ही दोन हजार किलोमीटरवर. तुमच्यासाठी गुपचूप करणार काय? तिने बिचारीने बराच विचार केला आणि तिला आठवलं, की शाळेच्या सभागृहात आगाथा आत्यांचं घड्याळ आहे. पणजीने रशियातून गोधडीत गुंडाळून आणलेलं, तबकडीवर लाल फुलं रंगवलेलं. दरवर्षी तुम्ही ज्याच्याखाली उभ्या राहून पोरांना सांगता, की पाहा, या लाल फुलांनी समुद्र ओलांडला, पण एक पाकळी फिकी पडली नाही.

आत्या, तिने ते धुतलं.

मधल्या सुट्टीत खुर्चीवर चढून, भांड्यांच्या साबणाने, मऊ फडक्याने, अगदी प्रेमाने. आकडे शाबूत आहेत, काटे शाबूत आहेत, घड्याळ चालतंही आहे. फुलं मात्र बादलीत गेली. समुद्र ओलांडला, पण बादली ओलांडता आली नाही त्यांना.

एन्सकाकांनी सगळी शाळा उभी केली आणि विचारलं, कोणी केलं? आवाज चढवला, तेव्हा पहिलीतलं एक दात पडलेलं पोरगं म्हणालं, "काका, सांगता येत नाही. शर्गातलं बक्षीश जातं." एन्सकाका माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघायला लागलो. सगळ्यांना माहीत होतं, पण नियम माझाच, आणि तो मोडायला एकही पोर तयार नव्हतं. खरं सांगू? माझा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत मी शिकवलेली एवढी एकच गोष्ट त्यांनी जशीच्या तशी घेतली.

पण त्या दिवसापासून ॲनेलीस कशालाच हात लावत नाही. फळा पुसायला सांगितलं तर हात मागे बांधून उभी राहते. काल पंख परत आणून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "सर, मला नको देवदूत. मलाच भीती वाटते, मी दुसऱ्यांना काय सांगू? आगाथा आत्या आल्या, की त्यांना ते दिसेलच ना." एवढं बोलून गेली. आता शाळेत आतून कोण वाढतंय ते एन्सकाकांनी शिबिरात विचारून यावं. मला तरी एक पोर आतून मिटताना दिसतंय, आणि ते मला सहन होत नाही.

असो. बाकी सर्व क्षेम. हेल्गा आणि मुलं तुमची वाट पाहतायत. जपून या.

तुमचा आज्ञाधारक भाचा
कॉर्नी रेम्पेल

ता. क. तुमचा आवाज गव्हाच्या कोठारापर्यंत जातो, हा आपल्या घराण्याचा अभिमान आहे. फक्त यंदा घड्याळाखाली तो वापरू नये, ही विनंती. वाटल्यास गाडीतून उतरताच मला एकट्याला बर्फात उभं करून रागवा. मी टोपी काढून ऐकेन.

ता. क. २. आणखी एक बारीकशी गोष्ट. पणजीच्या काळी घड्याळावरची फुलं तेलरंगाने काढत, आणि तेलरंग साबणाने जात नाही. बादलीतलं पाणी जे लाल झालं होतं, तो लाल मी कुठेही ओळखेन. तुमच्या वर्गात पाणी घालून कालवायचो ना, तो पुडीचा रंग. माझे लहानपणीचे सगळे शर्ट त्यानेच रंगलेत. आणि त्या लाल फुलांखाली आणखी फुलं निघाली. निळी, बारीक, खरी रशियातली, पण अर्धीच उरलेली. त्यांच्यावर तारेच्या घासणीचे जुने ओरखडे आहेत. ॲनेलीसकडे मऊ फडकं होतं. म्हणजे फार पूर्वी कुणीतरी हे घड्याळ चांगल्या मनाने घासलं, घाबरलं, आणि गुपचूप नवी फुलं काढून ठेवली. कोण ते मी विचारत नाही. आमच्या शाळेचा तसा नियमच आहे.

ता. क. ३. ॲनेलीसचे पंख मी अजून कुणाला दिलेले नाहीत. यंदा "भिऊ नका" आधी तुम्ही तिला म्हणा, मग ती मेंढपाळांना म्हणेल. आणि सभागृहातल्या जुन्या कपाटाची किल्ली तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तुमच्याबरोबर गेली, ती येताना आणा. लाल पुडी त्यातच असणार, असं मला आपलं उगाचच वाटतं. ब्रश दोन लागतील. एक लहान हाताचा.