वरचं सालटं

अप्पा, उन्हाळ्यात तुमची केबल वर काढली. चाकूरच्या पुढं त्या डिस्टिलरीच्या मागच्या अंगाला मळीच्या पाण्याची नाली जाते, तिला लागून तुम्ही चर खणवला होता, तिथली. डिस्टिलरीची मालकी आता बदलली आहे. नव्या मालकांनी विजेचं सगळं काम पुन्हा करायचं ठरवलं आणि कुठल्या जागी कुठली केबल टाकायची हे सांगायला नांदेडहून मला बोलावलं. माझं आता स्वतःचं ऑफिस आहे. दारावरच्या पाटीवर तुमच्या जावयाचं आडनाव आहे. ते आडनाव तुम्ही कसं उच्चारायचात, तोंडात खडा आल्यासारखं, ते मी विसरलेले नाही. फाटकावरच्या वहीत मी ते ठळक अक्षरात लिहिलं आणि आत गेले.

तुम्हाला गोदामातली ती सकाळ आठवत असेल किंवा नसेल. मला आठवते, कारण ती मी रोज आठवते. लातूरला आपल्या दुकानामागचं गोदाम, पत्र्यातून येणारं ऊन, लाकडी ड्रमवर गुंडाळलेली केबल. कुणाचं तरी काम रद्द झालं म्हणून ती तुमच्या गळ्यात पडली होती आणि कुठंतरी खपवायची होती. तुम्ही खुर्चीत बसून सुपारी कातरताय. हे समोर उभे आहेत, कारण जावई असले तरी गोदामात ते तुमचे सुपरवायझर, आणि सुपरवायझरला तुम्ही कधी बसा म्हटलं नाही. मी डिप्लोमाचा कागद हातात घेऊन नांदेडच्या पॉलिटेक्निकमधून नुकतीच आलेली.

"अप्पा, त्या नालीतून गरम पाणी जातंय. साधं पीव्हीसी तिथं टिकणार न्हाई," हे म्हणाले. "एचडीपीईचं आवरण असलेली मागवू. पाण्याच्या काळ्या पाइपाला असतंय तसलं."

"आत पोलादी तारा हायत का न्हाईत?"

"हायत की."

"मग वरचं सालटं काय चाटून बगायचंय?"

गोदामातली माणसं हसली. मला राहवलं नाही. मी म्हणाले, त्या तारांना पाणी लागू नये म्हणूनच सालटं असतंय अप्पा. मळीच्या गरम पाण्यात पीव्हीसीचा मऊपणा झिरपून जातो, ते आधी फुगतं, मग वाळल्या शेंगेसारखं तडकतं. मग तारा गंजतात. मोटारीची अर्थिंग त्याच तारांवर आहे. तारा गेल्या की मोटारीच्या अंगात करंट उतरला तरी त्याला जमिनीत जायला वाट राहत नाही. तुम्ही अडकित्ता मांडीवर ठेवलात आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "तू घरी जा. भाकरी थाप. जावयाला पगार मी देतो, त्याला अक्कल तू देऊ नको." मी गेले. ह्यांनी तीच केबल टाकली, पण टाकायची तशी टाकली. चराच्या तळाला चाळलेली रेती, वर पुन्हा रेती, त्यावर विटांची ओळ. माणसं कंटाळली, पण ह्यांनी एक खडा राहू दिला नाही.

ते झालं ते दोन पावसाळ्यांनंतर, भर दुपारी, उन्हात, सगळ्यांच्या देखत. नालीकडचा पंप सुरू होईना म्हणून हे बघायला गेले. काठावर घसरण होती. वाकताना तोल गेला आणि आधाराला उजवा हात पंपाच्या अंगावर पडला. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला म्हणून माणूस राहिला. हात राहिला नाही. म्हणजे आहे, पण बोटं आत वळलेली आहेत, मूठ उघडत नाही. नांदेडच्या दवाखान्यात मी त्या हाताशेजारी बसले होते आणि त्याच वेळी तुम्ही, इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारे तुम्ही, तपासणीला आलेल्या साहेबांना सांगत होतात की जावयानं केबल दगडांवरून फरफटत ओढली, सालटं तिथंच फाटलं, माल चांगला होता. ह्यांचा सुपरवायझरचा परवाना गेला. तुमचा कंत्राटदाराचा राहिला.

मी दवाखान्यातून थेट लातूरला आले. आपलं स्वयंपाकघर. आई चुलीपुढं, परातीत ज्वारीचं पीठ, तव्यावर भाकरी. तुम्ही पाटावर जेवताय. मी उभ्यानंच म्हणाले, अप्पा, साहेबांना खरं सांगा. तुम्ही वरणात भाकरी कुस्करत राहिलात. कुस्करून झाल्यावर म्हणालात, "हे बग, त्याला कुटंबी नोकरी मिळंल. माजं लायसन गेलं तर हे घर बुडतंय."

"आणि माझं घर?"

"तुजं घर तू निवडलंस."

तव्यावरची भाकरी करपली. आईनं ती उलटली नाही. इतकीच तिची साक्ष त्या दिवशी, आणि मी तेव्हा तिलाही माफ केलं नव्हतं. तुम्ही करपलेली भाकरी बाजूला सारून दुसरी मागितलीत.

मग धोंड्याचा महिना आला. जावयाला वाण द्यायचं म्हणून तुम्ही माणसाच्या हाती अनारसे पाठवलेत आणि चांदीचं जड ताट, त्यात दिवा. गावात सांगायला बरं. ह्यांनी ते घ्यायला दोन्ही हात पुढं केले, आणि उजव्या मुठीवरून ताट घसरलं. अनारसे फरशीवर पसरले. आणणारा माणूस खाली बघत बसून ते गोळा करायला लागला. हे हसले, अप्पा. म्हणाले, "राहू द्या, मुंग्यांना पण अधिक मास असतोय." मी त्या दिवशी हसले नाही, आणि तुमच्या घरचं पाणीही त्यानंतर प्यायले नाही. हे गुरुद्वाऱ्याकडच्या एका लॉजच्या काउंटरवर बसायला लागले. पंजाबहून आलेल्या म्हाताऱ्यांना खोल्यांच्या किल्ल्या द्यायच्या, डाव्या हातानं नावं लिहायची. मी कुणाच्या तरी ऑफिसात ड्रॉइंग काढायला लागले. प्रत्येक ड्रॉइंगमध्ये केबलच्या आवरणाचा रकाना मी सगळ्यात आधी भरायची. तिथला इंजिनिअर म्हणायचा, "बाई, आधी साइझ तर काढा." मी म्हणायची, साइझ चुकली तर केबल तापते. आवरण चुकलं तर माणूस जातो.

तुम्ही गेल्यावर मी आले होते. तुम्हाला खड्ड्यात बसवलं, भस्म लावलं, बेलाची पानं ठेवली. सगळे ओंजळीनं माती लोटत होते. लातूरची काळी माती, ओली, चिकट. तिच्यात काय काय असतं आणि ती कशाकशाचं काय करते, हे मला त्या गर्दीत सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, पोरगी सुन्न झाली. मी सुन्न नव्हते. मी केबलचा विचार करत होते. ती अजून जमिनीतच होती.

म्हणून ह्या उन्हाळ्यात डिस्टिलरीवाल्यांनी विचारलं, जुनी केबल तशीच राहू द्यायची का, तेव्हा मी म्हणाले, नाही, काढायची. आणि धाकट्याला फोन केला. तुमचा धंदा तो चालवतो, तुमच्याच खुर्चीत बसतो. त्याला वाटलं, बहीण काहीतरी काम देणार. इस्त्रीचा शर्ट घालून आला. तिथला इंजिनिअर होता, जेसीबीवाला होता, खणणारी माणसं होती. आधी विटा निघाल्या, मग रेती. तळापर्यंत रेतीच, अप्पा. मी मुठीत घेऊन सगळ्यांना दाखवली. दगड नाही, खडा नाही. मग केबल. नालीच्या कडेनं जेवढी होती तेवढी सगळी फुगून तडकलेली, हात लावला की सालटाच्या खपल्या पडत होत्या, आणि आतल्या पोलादी तारांची नुसती लाल पूड. पुढं लिंबाच्या झाडापाशी चर नालीपासून वळून दूर जातो. तिथून पुढची केबल नव्यासारखी होती. वरची छापील अक्षरंसुद्धा वाचता येत होती. तीच केबल, टाकणारे हात तेच. फरक फक्त पाण्याचा.

मी धाकट्याला म्हणाले, हात लाव.

"आक्का, अप्पा जाऊन किती वर्सं झाली. मेलेल्या माणसाला कशाला उकरायलीस?"

"मी केबल उकरायलेय. सांग, कशानं गेली ही?"

त्याच्या शर्टाच्या बाहीला लाल पूड लागली होती, ती तो झटकत होता आणि ती अजूनच पसरत होती.

"दगडानं गेली?"

"न्हाई."

"मग?"

"मळीच्या पाण्यानं."

"आणि ही इथं कुणी टाकायला लावली?"

"आक्का, माणसं हायत."

"माणसं होती तेव्हाबी," मी म्हणाले. "बोल."

तो बोलला. सगळ्यांसमोर, मान खाली घालून, तुमचं नाव घेऊन बोलला की अप्पांनी लावली आणि अप्पा खोटं बोलले. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं होतं, त्यामुळं सगळ्यांना नीट ऐकू गेलं. मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर मला रडू येईल. मला भूक लागली. डब्यातली भाकरी मी तिथंच लिंबाखाली बसून खाल्ली, इतकी चव मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

मग नालीकडच्या केबलचा हातभर तुकडा करवतीनं कापून घेतला आणि तशीच लातूरला गेले. दुपारी दुकानात आई बसते. भिंतीवर तुमचा फोटो, हार, उदबत्ती. मी तुकडा आईच्या हातात दिला आणि काही सांगायच्या आधीच तिनं तो उलटसुलट करून पाहिला. गंजाची पूड तिच्या लुगड्यावर सांडली.

"मला त्याच दिवशी ठाऊक होतं," ती म्हणाली. "फोटोशेजारी खिळा हाय बग. कॅलेंडर काढ."

धाकटा मागून आला होता. तो पुढं झाला तर आई बसल्या जागेवरून म्हणाली, "दुकान माज्या नावावर हाय." टॅक्स वाचावा म्हणून तुम्हीच केलं होतंत ना ते? मी कॅलेंडर काढून तुकडा टांगला. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय. धाकट्याला सांगावं लागतं. पहिल्या दिवशी मी स्टुलावर बसून त्याला ते तीन गिऱ्हाइकांना सांगताना ऐकलं आणि मग नांदेडची गाडी पकडली.

ह्यांना बरं वाटेल तेवढंच सांगितलं नाही, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हे उठून उभे राहतील, निदान दोन शिव्या घालतील. हे चहा पीत ऐकत राहिले. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "आता कुठलं आवरण टाकतेस तिथं?" मी सांगितलं, नालीच्या कडेला जमिनीत एचडीपीई. पण ते पेट घेतं, आणि आत स्पिरिटची वाफ, म्हणून इमारतीत ते न्यायचं नाही. भिंतीबाहेर जंक्शन बॉक्स, तिथून आत आग न धरणारं, कमी धुराचं. बाहेर केबलच्या उघड्या ट्रेवर ऊन सोसणारं काळं. ह्यांनी मान हलवली. "वाळवीचं बघ," म्हणाले. "लिंबाजवळ वारूळ होतं." आणि कप ठेवता ठेवता, "तो तुकडा काढ भिंतीवरनं. धाकट्याची लेकरं दुकानात येतात. त्यांनी आजोबाला असं बघू नये." त्या माणसाला तुम्ही दगडांवरून फरफटत केबल ओढणारा म्हणालात, अप्पा. हे मी तुम्हाला जिवंतपणी ऐकवायला हवं होतं, तुम्ही जेवत असताना, घास घशात असताना. तुम्ही लवकर सुटलात, याचाच मला राग आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुम्हाला जिथं बसवलंय तिथं मी येत नाही, आणि आईला वाचून दाखवण्यात अर्थ नाही, तिला माझ्याआधीपासून ठाऊक होतं. ड्रॉइंगच्या कपाटात घडी करून ठेवीन. एवढंच एक सांगायचं राहिलं. गेल्या रविवारी मी लातूरहून परत आले, तेव्हा ह्यांनी दारातच विचारलं, "काढलास?" मी चपला काढत म्हणाले, "काढला." नाही काढलेला. तुमच्या फोटोचा हार सुकला होता, तेवढा बदलून आले.