आष्टा केंद्रावरची भाऊबीज

सातारा, १८ ऑक्टोबर १९७७

चि. धनाजीस आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दिवाळीला ये म्हणतोस, पण तुझ्या दाजींचा राग अजून उतरलेला नाही. तुम्ही पोरं पुण्याला खरा टीव्ही बघून आलात, चावडीपुढं लाकडी खोका उभा करून त्याला आष्टा केंद्र म्हणालात, आत बसून गावच्या बातम्या देता, इथवर ठीक. पण गेल्या नरकचतुर्दशीला सूर्य उगवल्यावर अंघोळ करणाऱ्यांची नावं वाचताना साताऱ्याचे जावई मानसिंगराव नरकात पोचले, हे जाहीर करायची काय गरज होती? ते तेव्हा सोप्यात घोरत होते हे खरं. तरी जावई आहेत ते. त्याच दिवशी मला घेऊन निघाले आणि भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळलं. चंद्र ओवाळणी टाकत नाही, करंजी कशी झालीय तेही सांगत नाही. फार रडू आलं रे.

ज्या खोक्यातून नरकात धाडलं त्याच खोक्यातून माघारी आणा, तर येतो, असं दाजी म्हणतात. तेवढं जमव. येसूआत्यांना नमस्कार. लोभ दिवाळीपर्यंत तरी टिकव.

तुझी,
चंद्राआक्का

आष्टा, २५ ऑक्टोबर १९७७

ती. आक्कास धनाजीचा शि. सा. न. वि. वि.

खोका करणारा आकाराम सुतारच आमचा अध्यक्ष. त्याला विचारलं, तर म्हणाला, गेलेली बातमी माघारी आणायला ती काय म्हैस हाय व्हय. पण केंद्राचा रिवाज तुला ठाऊक आहे. चतुर्दशीला गल्लीत ज्याची अंघोळ सगळ्यांत आधी, तो भाऊबीजेपर्यंत बातम्या वाचतो. दाजींनी तो मान मिळवावा आणि स्वतःच स्वतःला नरकातून सोडवावं. त्यांना उठवायचं काम तुझं. ते माझ्याच्यानं होणार नाही.

येसूआत्या रोज विचारते, पोरगी येनार का न्हाई. मी व्हय म्हणून बसलोय. भाऊबीजेला ओवाळणीचं ताट रिकामं राहिलं की मलाही बरं वाटत नाही, आक्का. माया असू दे आणि दाजींना आधीपासून लवकर झोपव.

तुझा,
धनाजी

सातारा, २० नोव्हेंबर १९७७

चि. धनाजीस आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. दाजी घरातही बातम्यांच्याच सुरात बोलतात. आमटीत मीठ कमी असल्याचं वृत्त काल मिळालं.

चतुर्दशीला त्यांना उठवावं लागलंच नाही, मीच त्यांच्या खाकरण्यानं जागी झाले. बंबातलं सगळं पाणी त्यांनीच संपवलं, म्हणून तू उन्हात अंघोळ केलीस आणि तुझं नाव नरकात पहिलं लागलं. आधी स्वतः नरकातून माघारी आल्याची बातमी दिली आणि मग तुझं नाव केवढ्या चवीनं वाचलं.

भाऊबीजेला मात्र पुन्हा चंद्रालाच ओवाळावं लागतंय की काय, म्हणून मी घाबरले होते. रंगूबाईच्या म्हशीच्या वेतापर्यंत बातम्या गेल्या तरी गडी थांबेना. तू आत कंदील धरून बसलेला आणि खोक्याच्या एकुलत्या दाराला पाठ लावून दाजी. येसूआत्यांनी शेवटी ताट माझ्या हातात दिलं आणि पुढून जा म्हणाल्या. मी खोक्याच्या पुढच्या मोकळ्या चौकटीतून हात घालून तुला ओवाळलं. लोकांना तो कार्यक्रमच वाटला. पुन्हा दावा, पुन्हा दावा म्हणून सगळी चावडी मागं लागली आणि मला परत ओवाळावं लागलं.

दुसऱ्या खेपेला माझे डोळे भरले ते तुला दिसलं असेल. ते ओवाळणं गेल्या सालचं होतं.

ओवाळणी मात्र तू एकदाच टाकलीस. राहिलेली घेऊन साताऱ्याला ये, आणि असाच जीव लाव.

तुझी,
चंद्राआक्का