जावक क्रमांक सत्तेचाळीस

२७ जाने.
काल झेंडावंदनानंतर सत्कार. पालक समितीने डिसेंबरात आनंद मेळा भरवला होता. संत्र्याचा रस, भजी, वडाभात विकून पैसा उभा केला. सूचना माझ्याच हातची होती: 'शाळेच्या सर्व कर्मचाऱ्यांच्या सन्मानासाठी.' सर्व. हा शब्द मी विसरलेलो नाही.
शिक्षकांना पाच-पाच लिटरचे कुकर. शेवंताबाईला, आमच्या आयाबाईला, साडी. मग समितीच्या अध्यक्ष कळंबेताई माईकवर: "अन् हे आपल्या बाबूजीसाठी, खास!"
एक पेन, एक डायरी. डायरीवर कळंबेंच्याच कृषी केंद्राचं नाव आणि फवारणीच्या पंपाचं चित्र. औषधाच्या डब्यावर फुकट वाटतात ती. सव्वीस वर्षं या शाळेचा क्लार्क आहे मी. पोरं हसली. टाळ्या वाजवल्या एकट्या शेवंताबाईने.
त्याच डायरीत लिहितोय.

२८ जाने.
घरची म्हणते, "एवढं कायले मनाले लावून घेता? पेन चालते ना?"
चालतं. झकास चालतं. त्याचाही राग येतो.

३० जाने.
कारण ठाऊक आहे मला. फी थकली की वर्गात जाऊन नावं मी वाचतो. टी.सी. मी अडवतो. हुकूम प्राचार्या मॅडमचा, शिव्या मला. मॅडमला मात्र कुकरवर शाल.
कळंबेताई आज ऑफिसात आल्या होत्या. पोराचं बोनाफाइड पाहिजे. म्हटलं, उद्या या. उद्याही 'उद्या'च म्हणणार आहे.

२ फेब्रु.
क.ताई तिसऱ्यांदा. "बाबूजी, किती चकरा मारायले लावून राहिले तुमी?"
शिक्का सापडत नाही म्हटलं. शिक्का माझ्या खिशात होता.
पण एवढ्याने पोट भरत नाही.

५ फेब्रु.
सापडलं. महिन्यावर परीक्षा. ज्या बाईने कुकर घेतला ती देणाऱ्या घरच्या पोराला नापास करेल? पालकांनी मेळा भरवायचा आणि पेपर तपासणाऱ्यांच्या घरी भांडी पोचवायची, हे कोणत्या नियमात बसतं? हार घाला, चहा-पोहे करा, दोन शब्द चांगले बोला. तो सन्मान.
मुद्दा शंभर टक्के खरा आहे. मला कुकर मिळाला असता तर सुचला नसता, तेही खरं.
पूर्वी तक्रारीसाठी छिंदवाडा गाठावं लागे. आता जिल्हाच पांढुर्ण्यात आला, शिक्षण कार्यालयासकट.

८ फेब्रु.
रजा टाकून सौंसरला. घरी सांगितलं, मावसभाऊ आजारी आहे. तिथे एका टायपिंगच्या दुकानात जिल्हा शिक्षण कार्यालयाच्या नावे अर्ज करून घेतला, हिंदीत, मध्य प्रदेशचा कारभार हिंदीतच चालतो. खाली 'एक जागरूक पालक', सही नाही. तिथल्याच पोस्टात टाकला, म्हणजे शिक्का सौंसरचा पडेल. येताना बसस्टँडवर आलूबोंडा खाल्ला. बऱ्याच दिवसांनी तोंडाला चव आली.

१८ फेब्रु.
आला हुकूम! चौकशी होईपर्यंत सर्व भेटवस्तू शाळेत जमा करा, यादी पाठवा. डाक मीच फोडली, मीच मॅडमपुढे ठेवली. तोंडावरची माशी हलू दिली नाही.

१९ फेब्रु.
कुकर परत यायला लागले. एकाची शिटी गायब, एकाच्या तळाला तुरीची डाळ. एकेका बाईपुढे सहीचा कागद सरकवताना जे सुख...
क.ताई बाकावर बसून होत्या. चेहरा उतरलेला. "आमी चांगलंच करायले गेलो होतो ना, बाबूजी?"
म्हटलं, नियम आहे, ताई. हे वाक्य सव्वीस वर्षं मॅडमसाठी म्हटलं, आज पहिल्यांदा स्वतःसाठी.
माझ्या नावापुढे लिहिलं: पेन १, डायरी १. मॅडमला विचारलं, हेही जमा करू का?
"राहू द्या हो, त्याच्यात काय आहे."
ऐकलं? त्याच्यात काय आहे!

२१ फेब्रु.
यादीत एकच जागा राहिली. शेवंताबाई.
"भाऊ, साडी तं पोरीच्या ओटीत गेली, रामाकोन्याले. सातवा महिना आहे तिले. ओटीतली साडी वापस मांगू का मी?"
पोटुशी लेक, तिचं सासर, आणि ओटीत घातलेलं परत मागायचं. लिहिलं: 'साडी अप्राप्त.' तिला मी यात धरलंच नव्हतं. तिला साडी मिळाली याचा मला राग नव्हता, देवाशपथ.

२४ फेब्रु.
मॅडम जिल्हा कार्यालयातून अर्जाची झेरॉक्स घेऊन आल्या. माझ्याच टेबलावर ठेवली.
वर डाव्या कोपऱ्यात, पेनने: जा.क्र. ४७.
टायपिंगवाल्याकडून कागद हातात आला आणि मी जावक क्रमांक टाकला. निनावी अर्जाला! सव्वीस वर्षांत नंबराशिवाय कागद बाहेर गेला नाही, हात आपोआप चालला. आग लागो त्या हाताला.
मॅडम गेल्यावर जावक रजिस्टर उघडलं. ४६, टी.सी., लोधीखेड्याच्या शाळेला. ४८, वीज कार्यालय. मधली ओळ कोरी. डोक्यात ४७ होऊन गेलेला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी मी सरळ ४८ टाकला.
मॅडमचा हिशेब वेगळाच. "नंबर आपल्याच ऑफिसचा आहे, बाबूजी. डाक बाहेर कोण नेते? शेवंता. रोज पाहते ती, कागदावर नंबर कसा टाकतात ते. बाकीच्याइले कुकर अन् आपल्याले साडी, दुखलं असन पोटात. लिहून घेतला असन कोणाकडून. परवा समितीपुढं बलावते तिले. ठरलं तं कामावरून काढून टाकू. तुमी रजिस्टर घेऊन या."
माझा संशयसुद्धा आला नाही. कुकरच्या यादीत मी नव्हतो, संशयाच्या यादीतही नाही.
हो मॅडम, म्हटलं.

२५ फेब्रु., मधली सुट्टी
ऑफिसात एकटाच. भिंतीशी कुकर रचून ठेवलेत. रजिस्टर उघडं आहे. ४७च्या ओळीत एखादं स्मरणपत्र भरून टाकलं तर अर्जावरचा नंबर शेवंताबाईने त्यावरून उतरवला असं ठरेल; मी सुटतो, ती अडकते. कोरी ठेवली तर विचारणार मलाच. खरं लिहिलं तर नोकरी गेली, निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना.
क.ताईंचा त्या दिवशीचा चेहरा आठवला की अजूनही बरं वाटतं. खोटं कशाला लिहू.
शेवंताबाई चहा घेऊन आली. "भाऊ, उद्या समितीनं मले कायले बलावलं?"
"पाहू."
"तुमी असान ना तिथं?"
असेन म्हटलं.
"मंग मले भेव नाही." कप ठेवून गेली.
चहा निवला. पेनचं टोपण काढून ठेवलंय, ४७ची ओळ अजून कोरीच. सुट्टी संपल्याची घंटा तिनेच आत्ता वाजवली.