पाच पिनांचं कुलूप

नांदेड,
७ जुलै २०२४

चि. मल्लिनाथ यास,
अंबिकाअक्काचे अ. उ. आ.

पत्राला उशीर झाला. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर लिहिणं-वाचणं बंद होतं. आता छान दिसतंय. कानाचं मात्र तेच रडगाणं. मशीन लावलं की शिट्ट्या वाजतात आणि फोनवर कोण काय बोलून राहिलंय ते कळत नाही. सूनबाईला मधे धरून बोलायचं तर मनातलं बोलता येत नाही. तेव्हा आपलं पत्रच बरं. पोस्टात जन्मभर दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारलेस, आता स्वतः दोन ओळी लिहायला काय होतं?

रत्नम्मा लिंगैक्य होऊन पाच महिने झाले. मला अजून खरं वाटत नाही. मुखेडला शाळेत असताना माझ्या मागच्या वर्गातली ती पोर दिवसभर माझा पदर धरून फिरायची. तुझ्यासाठी मीच तिला मागून आणली. भावजय होऊन घरात आली तरी चारचौघांत अंबीच म्हणायची, आणि नणंदेचं नाव घेते म्हणून आपली अव्वा सुनेला रागवायची. आता मला अंबी म्हणणारं कोणी उरलं नाही.

अमरेश दर रविवारी जेवायला येतो. तुझा मुलगा तुझ्यासारखाच, चार शब्दांवर पाचवा बोलेल तर शपथ. बापाकडे जाऊन ये म्हटलं की ऑफिसचं काम सांगतो. आईच्या महिन्याच्या विधीनंतर तो घरी गेला नाही, हे मला बरं वाटत नाही. आईशिवाय ते घर त्याला सोसत नसेल असं मी माझ्यापुरतं समजून घेते.

तू मात्र भिंतीकडे बघत बसू नकोस. शेजारी पंचाक्षरी आहेत, उमाबाई आहेत, त्यांच्यात जाऊन बस. हाताला काहीतरी काम लाव. साखरेची गोळी वेळेवर घे. पत्राची वाट बघते, आणि वाट बघणाऱ्या माणसाला विसरू नये.

तुझी,
अक्का


लातूर,
२ ऑगस्ट २०२४

ती. अक्काच्या चरणी,
मल्लिनाथचे शरणार्थ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. हाताला काम लाव म्हणालीस, तर लावलं आहे. हसू नकोस. मी किल्लीशिवाय कुलूप उघडायला शिकून राहिलो आहे.

गंजगोलाईत छत्री लावून बसणारा ग्यानोबा म्हणून एक किल्लीवाला आहे. त्याच्याकडे जाऊन मला शिकव म्हणालो. त्याने मला खालून वर पाहिलं आणि आधार कार्ड मागितलं. पांढऱ्या केसांचा पेन्शनर हे कशाला शिकतो म्हणे, घरात मालकिणीनं तिजोरीला कुलूप लावलं का? मग त्याला ओळख पटली, आणि त्याने कार्ड परत दिलं. दुसऱ्या दिवशी ये म्हणाला.

त्याने दोन अटी घातल्या. कुलूप आपलं स्वतःचं पाहिजे, नाहीतर मालकाने हो म्हटलेलं. आणि दाराला लावलेल्या, रोजच्या वापरातल्या कुलपावर हात साफ करायचा नाही, आतली पिन अडकली की माणूस घराबाहेर. म्हणून जुन्या बाजारातून कुलपं आणतो. कुलपाच्या आत बारीक पिना असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर एक स्प्रिंग. किल्लीचे दाते त्या पिना बरोबर उंचीवर उचलतात म्हणून कुलूप फिरतं. आपण तेच काम एका आकड्याने, एकेक पिन चाचपून करायचं. दुसऱ्या हाताने एक वाकवलेली पट्टी खाली घालून कुलपाला फिरवायचा ताण द्यायचा. ग्यानोबाने मला हॅक्सॉ ब्लेड घासून आकडा करून दिला. पहिल्या दिवशी चार पिना काढून एकच ठेवली आणि ते कुलूप माझ्या हातात दिलं. मग दोन पिनांचं, मग तीन.

मी सारखा जोर करायचो. मालक, लई दाबून राहिले तुम्ही, असं तो रोज ओरडायचा. ताण इतका हलका पाहिजे की पट्टीवर माशी बसली तर कळावी. तीन पिनांवर मी बारा दिवस अडकलो. परवा पाच पिनांचं एक जुनं पितळी कुलूप हातात फिरलं. एकेक पिन बसताना बोटाला टक् असं कळतं, कानाला नाही. तुझ्यासारख्या बहिऱ्या माणसाला हे काम फार जमेल बघ.

अमरेशला माझा आशीर्वाद सांग. जेवतो ना नीट?

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा,
मल्लिनाथ


नांदेड,
२५ ऑगस्ट २०२४

चि. मल्लिनाथ यास,
अक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. शिवपूजा केल्याशिवाय पाणी न पिणारा माझा भाऊ म्हातारपणी घरफोडीचं शिक्षण घेतोय! शेजारच्या केवळाबाईंना सांगितलं, तर त्या त्यांच्या लोखंडी कपाटाची हरवलेली किल्ली घेऊन, म्हणजे न घेऊन, तुझी वाट बघून राहिल्यात. आलास तर चहा-भजी नक्की.

खरं सांगू? मला बरं वाटलं. रत्नम्मा असती तर तिने तुझ्या आकड्याने तळणीतल्या चकल्या काढल्या असत्या.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. गेल्या रविवारी अमरेशला जेवताना कौतुकाने हे सगळं सांगितलं. त्याने हातातला घास ताटात ठेवला, उठला, हात धुतले आणि गेला. पुरणपोळी तशीच राहिली. मला ऐकू येत नाही पण चेहरा दिसतो, मल्लिनाथ. तो चेहरा दुःखाचा नव्हता. काहीतरी आहे, आणि ते तुम्हा बापलेकांत आहे. मला सांग. मी रत्नम्माची मैत्रीण आधी आहे आणि तुझी बहीण नंतर, तरी दोन्ही नात्यांनी विचारते.

पावसाने इकडे उघडीप दिली आहे. मनात ठेवून झुरू नकोस.

तुझी,
अक्का


लातूर,
१५ सप्टेंबर २०२४

ती. अक्काच्या चरणी,
मल्लिनाथचे शरणार्थ. वि. वि.

तीन आंतर्देशीय पत्रं लिहून फाडली. हे चौथं पाकिटातून पाठवतो आहे, कारण लिहायचं जास्त आहे. एकटी असताना वाच.

त्या सकाळी साडेनऊच्या सुमारास रत्नम्मा आंघोळ करून आतल्या खोलीत गेली. साडी बदलताना ती दाराच्या मुठीचं बटण दाबून आतून कुलूप लावायची, ही तिची सवय तुला माहीत आहे. किल्ल्या आतल्याच कपाटात. काहीतरी पडल्याचा मोठा आवाज आला. मी हाक मारली. उत्तर नाही, पण आतून बांगड्या वाजल्या. पुन्हा हाक मारली, पुन्हा वाजल्या.

पंचाक्षरी आवाज ऐकून धावत आले. त्यांनी दाराला खांदा लावला. आणि अक्का, मी त्यांचा हात धरला.

मी तुम्हा सगळ्यांना सांगितलं की दार सागवानी होतं, तुटलं नाही. ते खोटं आहे. ते दार आम्ही तोडायला गेलोच नाही. नवीन घराचं दार, मी स्वतः वीस दिवस पॉलिश केलेलं, तिने पसंत केलेली बेलपानांची नक्षी. मी पंचाक्षरींना म्हणालो, चौकट फाटेल, थांबा, चक्कर आली असेल, मागेही आली होती, किल्लीवाला दहा मिनिटांत येईल. ग्यानोबाला यायला पंचवीस मिनिटं लागली. त्याने आकडा घातला आणि एका मिनिटात दार उघडलं. बांगड्या तोवर वाजायच्या थांबल्या होत्या. केव्हा थांबल्या ते मला सांगता येत नाही. मी त्या वेळी गेटाशी उभा राहून रस्ता बघत होतो.

दवाखान्यात मेंदूत रक्तस्राव झाला म्हणाले. लवकर आणलं असतं तर काय, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

मी ग्यानोबाकडे छंद म्हणून गेलो नव्हतो. त्याचं ते एक मिनिट मला दिवसरात्र दिसत होतं. त्या दाराचं कुलूप मी काढून घेतलं आहे आणि शिकंज्यात आवळून टेबलावर ठेवलं आहे. पहिल्यांदा ते उघडायला मला तीन तास लागले. आता पन्नास सेकंद लागतात. रोज सकाळी उघडतो, बंद करतो, परत उघडतो. दाराला तिथे आता नुसतं भोक आहे.

अमरेशला यातलं काही ठाऊक नाही. त्या दिवशी तो ताटावरून का उठला मला कळत नाही.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही.

मल्लिनाथ


लातूर,
२० ऑक्टोबर २०२४

ती. अक्काच्या चरणी शरणार्थ.

महिना उलटला, तुझं पत्र नाही. पत्र पोचलं आहे हे मला ठाऊक आहे, नांदेडचं टपाल कुठे अडकतं ते मला माहीत आहे आणि कुठेच अडकलेलं नाही. रागव, पण लिही.

ग्यानोबालाही मी खरं सांगितलं. तो बराच वेळ कानस पुसत राहिला. मग म्हणाला की मालक, तुमचा फोन आला तेव्हा म्या च्या पीत व्हतो, म्हातारी आत पडलीय असं तुम्ही सांगितलंच न्हाई, दार लॉक झालंय एवढंच म्हणालात, म्हणून च्या संपवून निघालो. खरंच, अक्का. मी फोनवर तसंच म्हणालो होतो. लोकांना काही विपरीत घडलंय असं वाटू नये म्हणून साध्या आवाजात बोललो होतो.

दोन दिवस त्याची छत्री बंद होती. तिसऱ्या दिवशी गेलो तर त्याने मला बसायला स्टूल दिलं.

मल्लिनाथ


नांदेड,
२४ नोव्हेंबर २०२४

मल्लिनाथ,

आशीर्वाद लिहिला नाही. लिहायला बसले की तुझ्या नावाच्या पुढे पेन जात नव्हतं, असे दोन महिने गेले.

इथल्या एका डॉक्टरांना विचारलं. एवढा मोठा रक्तस्राव असेल तर अर्ध्या तासाने फरक पडलाच असता असं नाही, असं ते म्हणाले. पडलाही असता, असंही म्हणाले. दोन्ही जसंच्या तसं लिहिते. यातलं पहिलं वाक्य उशाला घेऊन तू झोपू नयेस. ती जगली असती की नाही हा एक प्रश्न, आणि ती आत एकटी बांगड्या वाजवत असताना तू दाराची काळजी केलीस हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर डॉक्टरकडे नाही.

रोज सकाळी ते कुलूप उघडून तू काय मिळवतोस? त्या दिवशी तिला किल्लीवाल्याची बोटं नको होती रे, नवऱ्याचा खांदा हवा होता. तो तुझ्याकडे होता, अन् पंचाक्षरींकडेही होता.

एवढं लिहून झाल्यावर रडून घेतलं. आता पुढचं लिहिते. तू माझा एकच भाऊ आहेस. लहानपणी किल्लारीच्या आत्याकडे विहिरीवर माझा पाय घसरला, तेव्हा पोहता येत नसूनही तू उडी मारली होतीस. तोच माणूस दारापाशी कसा थांबला, हे मला मरेपर्यंत कळणार नाही, आणि न कळता मला तुझी बहीण राहायचं आहे.

अमरेशला मी काही सांगितलेलं नाही. ते तुझं तोंड सांगेल, माझं नाही. बापाने बोलावलं आहे एवढाच निरोप दिला. त्याने डिसेंबरातला एक शनिवार सांगितला. त्याच्यापुढे सारवासारव करशील तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

गोळ्या घे.

अंबिका


लातूर,
१५ डिसेंबर २०२४

ती. अक्काच्या चरणी,
मल्लिनाथचे शरणार्थ. वि. वि.

काल अमरेश आला. अहमदपूर, चाकूर करत येणारी बस दुपारी बाराला लागली. वाळला आहे. मी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी केली होती, त्याच्या आईच्या हातासारखी होत नाही. आधी जेवू म्हणाला. मी म्हणालो, आधी ऐक. खोट्यावर त्याला जेवू घालायचं नव्हतं.

सगळं सांगितलं. पंचाक्षरींचा हात धरला तो, गेटाशी उभा राहिलो तो, फोनवर काय बोललो तेसुद्धा. त्याने मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाला की अप्पा, मला माहीत आहे.

त्याला सुरुवातीपासून माहीत होतं, अक्का. आईला माती देऊन आल्यावर पंचाक्षरींनीच त्याला मागच्या अंगणात नेऊन सांगितलं होतं. तुझ्या वडिलांचं मी ऐकायला नको होतं, असं म्हणून ते त्याच्या गळ्यात पडून रडले होते. दहा महिने ते रोज मला नमस्कार करत होते आणि मला वाटायचं, त्यांनी तो दिवस मनाआड केला.

मी विचारलं, मग तू मला विचारलं का नाहीस? तो खाली बघून म्हणाला की विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला असता, आणि मग मला बापही उरला नसता. म्हणून वाट बघत होतो, तुम्ही सांगाल म्हणून. आत्याने कुलपाच्या छंदाचं सांगितलं, तेव्हा वाटलं की तुम्ही आता कधीच सांगणार नाही, त्याचा खेळ करून बसलात.

मी रडलो. त्याने मला जवळ घेतलं नाही. उठून आईच्या खोलीत गेला, त्या भोकाच्या दारातून. बराच वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा त्याने एकच ताट वाढलं, माझ्यापुढे ठेवलं, गोळीची वेळ झाली म्हणाला. मी जेवेपर्यंत समोर बसला. स्वतः पाणीसुद्धा घेतलं नाही.

चारच्या गाडीने निघाला. मी स्टँडपर्यंत सोबत गेलो, तो नको म्हणाला नाही. फलाटावर म्हणाला की अप्पा, मला माफ करता येईल की नाही ठाऊक नाही, येईल असं सांगून तुम्हाला फसवत नाही. फेब्रुवारीत पुण्यस्मरणाला येईन. पाया पडला नाही. आपल्या घरात पाया न पडता कोणी निघत नाही, तरी मला ते बरोबर वाटलं.

गाडीत चढला आणि पलीकडच्या खिडकीपाशी बसला. मला त्याची पाठ तेवढी दिसत होती. कंडक्टरने घंटी मारली तसा तो उठला आणि अलीकडच्या खिडकीत येऊन बसला. हात हलवला नाही, हसला नाही. गाडी वळेपर्यंत माझ्याकडे बघत राहिला.

जमलं तर पुढच्या पत्रावर आशीर्वाद लिही, अक्का. नाही जमलं तर नुसतं नाव लिही, तेही चालेल.

तुझा,
मल्लिनाथ