बनाबाईच्या सुनेची गाठ

१८ नोव्हेंबर १९३७

आज एक विक्रम केला — तोंड न बघता तोंडाचं औषध दिलं!

बाजारचा दिवस. भाटघरची बनाबाई सुनेला घेऊन दवाखान्यात आली. सून फुलाबाई, विशीची, पाचवा महिना. पदर नाकावर, नजर फरशीवर. बोलणं सगळं सासूचं. "हिच्या हिरडीला गाठ आलीया, डागदर. लालबुंद, बोराएवढी. दुखत न्हाई, पर दात घासाया गेलं की रगात येतं."

म्हटलं, तोंड उघड बघू. फुला सासूकडे बघते, सासू माझ्याकडे. "पोटुशी बाई परक्या बाप्याफुडं तोंड उघडत न्हाई. तुमी इचारा, म्या सांगते."

विचारलं, तिनं सांगितलं. काय वर्णन करते बाई! गरोदरपणात हिरडीला अशी गाठ कधीकधी येते. निरुपद्रवी असते, बाळंतपणानंतर आपोआप जाते. तसं सांगून टाकलं आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दिल्या. बनाबाईनं एवढा मोठा सुस्कारा टाकला की मलाच बरं वाटलं. जाताना एक काशीफळ ठेवून गेली.

१९ नोव्हेंबर

काशीफळाची भाजी फक्कड झाली होती. पण सौ.नं वाढता वाढता विचारलं, "म्हणजे न बघताच सांगितलंत?"

तिचं खरं आहे. तोंडातला कॅन्सर सुरुवातीला कधीकधी अगदी हेच सोंग घेतो. तोच रंग, तेच रक्त, तसंच न दुखणं. बोट लावून पाहावं लागतं, तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो, तेव्हा कुठं दोघांतला फरक कळतो. लवकर सापडला तर माणूस वाचण्याची आशा. उशीर झाला तर — नको, तो विचारच नको.

विशीतल्या पोरीला तो होणं फार विरळा. पण विरळा म्हणजे कधीच नाही असं नव्हे. ठरलं! फुलाचं तोंड पाहायचंच.

९ डिसेंबर

थर्मामीटरची युक्ती काढली. म्हटलं, हा जिभेखाली धरावा लागतो.

"काखंत लावा," बनाबाई म्हणाली.

हरलो.

३० डिसेंबर

माणूस हसला की दात दिसतातच! म्हणून आज माझा राखून ठेवलेला किस्सा काढला — मामलेदाराच्या घोड्यावर उलट्या बसलेल्या पाटलाचा. फुला पोट धरधरून हसली — पण पदराआड! बनाबाईचे ओठ मात्र मिटलेले. तोंडात मिश्री होती. मध्येच थुंकायला बाहेर गेली, परत येऊन तशीच बसली. हिला हसवणं भल्याभल्यांना जमायचं नाही.

गाठ वाढली म्हणाली. आता आवळ्याएवढी. "हाताला कडक लागती वो." हा 'कडक' मला आवडला नाही. बोट तरी लावू दे म्हणून फुलाच्या विनवण्या केल्या. नाही म्हणजे नाही.

"पुण्याला जाऊन कापाय लागंल का?" बनाबाईनं विचारलं.

"छे, दिवस भरत आले की वाढतेच ती. आधी बाळंतपण होऊ दे," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? पण आज मन काही केल्या लागत नाही.

२० जानेवारी १९३८

आता सौ.च मैदानात! फुलाला ओटी भरायला बोलावलं. स्वयंपाकघरात, बायकाबायकांत, तोंड उघडेलच की. आली कोण? बनाबाई! एकटी! "दिस जवळ आल्यात, तिला गाडीत बसवत न्हाई." ओटीचं सामानही तीच घेऊन गेली.

सौ. फणफणली आहे. "तुमच्या त्या बनाबाईनं माझ्या तिळाच्या वडीला हात लावला नाही. नुसता वरणभात खाल्ला, तोही एका बाजूनं!" मी म्हणालो, वड्या जरा कडकच झाल्यात. रात्री मला ताक मिळालं नाही.

१४ फेब्रुवारी

दिवसभर खोकलेवाले. फुलाचं तोंड अजून बंद.

२८ मार्च

मुलगा झाला! फुलाचा नवरा ज्ञानू साखर घेऊन आला. फुलाला आई नाही, त्यामुळं माहेरी कुठं जाणार? बाळंतपण बनाबाईनंच केलं. पोर आडवं आलं होतं म्हणे. "आई नसती तर दोघंबी गेली असती," असं ज्ञानूनं दोनदा सांगितलं.

मी विचारलं, "आणि गाठ कशी आहे?"

"कसली गाठ?"

घ्या! बायकोच्या तोंडात आवळा, आणि नवऱ्याला पत्ता नाही! धन्य आम्ही पुरुष! (सौ.ला काल ताप होता, हे मला आज शेजारणीनं सांगितलं.)

२ मे

जिंकलो!

भाटघरला एकाचा हात बसवायला गेलो होतो. परत येताना बनाबाईच्या अंगणात डोकावलो. फुला बाळाला मांडीवर घेऊन बसली होती — आणि तिला जांभई आली! चांगली ऐसपैस! मी लाजलज्जा सोडून वाकून पाहिलं. वरची हिरडी, खालची हिरडी — लख्ख! गाठीची खूणसुद्धा नाही!

"गेली!" मी एवढ्यानं ओरडलो की बाळ दचकून रडायला लागलं. "बनाबाई, म्हटलं नव्हतं मी?" बनाबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. आनंदानं रडू आलं असणार.

सायकलवर पद म्हणत घरी आलो. सौ.पुढे इतका मिरवलो की शेवटी ती म्हणाली, "पुरे आता, जेवा."

३ मे

सकाळी फुला बाळाला घेऊन दवाखान्यात आली. भाटघरहून पायी. पदर नाकावर नव्हता.

"मला कंदी गाठ नव्हतीच, डागदर. ती आत्याबाईंची. कुणाला सांगशील तर पोटातल्या लेकराची शपत, असं म्हणाल्या हुत्या."

तसाच दोघांना टांग्यात बसवून भाटघरला गेलो. बनाबाईनं नातवाला झोळीत ठेवलं आणि माझ्यापुढे आपण होऊन तोंड उघडलं. "तवाच पुण्याला धाडली असती मला. मंग हिचं बाळतपण कुणी केलं असतं? आता बघा काय बघायचं त्ये."

बोट लावलं. दगडासारखी घट्ट. शेजारचे दात हलताहेत. जबड्याखाली आणखी एक गाठ, तीही घट्ट. मला रडू आवरेना.

उद्या पहिल्या मोटारीनं तिला पुण्याला नेतोय. मी घरी निघताना तिनं एवढंच विचारलं, "पोराला दात येईस्तोवर म्या माघारी येते न्हवं?"

मी हो म्हणालो.