मामांच्या मोटारीची सावली

देदझा, जूनचा दुसरा आठवडा

तीर्थरूप झेफानिया मामांना भाचा म्फात्सो याचा गुडघे टेकून नमस्कार. तुम्ही बरे असाल तर आम्हीही बरे आहोत. (नसाल तर लगेच कळवा, म्हणजे आम्हालाही त्याप्रमाणे राहता येईल.) मामींनी पाठवलेली सुकी मासळी पोचली. तिच्या वासानं मिनीबसची अख्खी मागची सीट मोकळी राहिली म्हणे, तेव्हा त्याच ड्रायव्हरच्या हाती हे पत्र आणि बटाट्यांचं पोतं पाठवतो आहे. इथं डोंगरावर जूनची थंडी अशी पडली आहे की खडू बोटांत धरवत नाही. आई ठणठणीत आहे.

पत्राचं कारण अगदी किरकोळ. आईच्या भिंतीवरचा तुमचा मोठा फोटो, जोहान्सबर्गला कामाला गेलात तेव्हा मोटारीशेजारी उभं राहून काढलेला, मी दोन दिवस शाळेत नेला होता. तो सुखरूप आहे. काचेला एक बारीक चीर गेली आहे, पण ती तुमच्या तोंडावरून जात नाही, मोटारीवरून जाते. सांगायचं ते एवढंच. कागद उरला आहे म्हणून पुढचं लिहितो.

माझ्या पाचवीत सत्त्याऐंशी मुलं आहेत. काही झरझर वाचतात, काहींना स्वतःचं नाव लिहिलेलं ओळखू येत नाही. या सगळ्यांना एकदम विचार करायला कसं लावायचं, यासाठी आम्हा मास्तरांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. (जेवण चांगलं होतं.) त्यातलं तात्पर्य असं की सगळ्यांपुढे एकच चित्र ठेवायचं आणि विचारायचं, काय दिसतं, त्यावरून काय वाटतं, आणि अजून काय विचारावंसं वाटतं? लिहिता येतं त्यानं लिहावं, नाही त्यानं बोट ठेवून दाखवावं. मास्तरानं मात्र उत्तर सांगायचं नाही, आणि हे शेवटचं मला फार जड गेलं. आता शाळेतल्या चित्रांचा वाळवीनं फडशा पाडला आहे. एका तक्त्यावर गाईचं शेपूट तेवढं शिल्लक आहे, आणि शेपटावर सत्त्याऐंशी मुलं किती वेळ विचार करणार? म्हणून तुमचा फोटो नेला.

हे एक थोर गृहस्थ आहेत, एवढंच मी वर्गाला सांगितलं. (ही चूक झाली. थोर म्हटलं की मुलं फार जवळून बघतात.) बिझवेकी नावाचा मुलगा आहे, त्याला अजून एक अक्षर येत नाही. त्यानं पहिलं बोट ठेवलं ते तुमच्या बाहीवर. "सर, यांचे हात कुठं गेले?" मामा, बाह्या खरोखरच बोटांच्या पेरांपर्यंत आल्या आहेत. कोट दुसऱ्याचा, असं वर्गानं ठरवलं. मग लिहिणाऱ्या मुलींच्या रांगेतून चिठ्ठी आली की गृहस्थांची सावली पडली आहे, मोटारीची पडलेली नाही. मी म्हटलं, सकाळची वेळ असेल. तर त्या म्हणतात, "सर, सकाळ काय एकट्या माणसाला होते?" तेवढ्यात कुणाला तरी मोटारीच्या चाकाला पडलेली घडी दिसली. झालं! मोटार कापडावर रंगवलेली निघाली. एकतीस वर्षं आमच्या घरात उभी असलेली गाडी पंधरा मिनिटांत गेली, मामा. माझे कान तापले. याच मोटारीच्या जोरावर मी लहानपणी मारामाऱ्या केल्या आहेत.

मी फोटो उचलणार, इतक्यात दाराजवळून आवाज आला. तिथं एलुबी बसते. दोन सत्रांत ती वर्गात एक शब्द बोललेली नाही, हजेरीलाही नुसता हात वर करते. ती म्हणाली, "सर, हा माणूस घाबरलाय. मी वही धरते तशी त्यानं टोपी धरलीय. आणि तो कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, बाजूला बघतोय. तिथं कोण आहे?"

मला उत्तर सांगायचं नव्हतंच, आणि ते ठाऊकही नव्हतं. मी तो फोटो जन्मापासून बघतो आहे, पण मी कायम मोटार बघत आलो. तुम्ही तेव्हा किती वर्षांचे होता? वीस? मी आज एकतीसचा आहे. मला रडू आलं. फळ्याकडे तोंड करून मी तारीख पुसली आणि तीच पुन्हा लिहिली.

मामींना नमस्कार. गुडघ्यांना शेक देत जा.

तुमचा आज्ञाधारक,
म्फात्सो

ता. क. एलुबी ही तादालाची धाकटी बहीण. तादाला माझी कोण होणार, हे आईनं तुम्हाला कळवलंच आहे. वर्गात न बोलणाऱ्या त्या पोरीनं घरी जेवताना सगळं सांगितलं. त्यांच्याकडे मी मोटारीबद्दल आधीच बरंच बोलून ठेवलं होतं. (रंगसुद्धा सांगितला होता. फोटो काळा-पांढरा आहे.) तादालाचे मामा चिंबालांगा भडकले. "कापडावरची गाडी हाकणारी माणसं ही! यांचा बोलणीचा कोंबडासुद्धा चिमटा काढून बघावा लागेल!" तादालाची आई म्हणाली, "पण पोरगी बोलली ना वर्गात?" शेवटी असं ठरलं की पुढच्या शनिवारी, दोन्हीकडच्या मामांनी लग्न पक्कं करायला कोंबडा-कोंबडीची देवघेव करण्याआधी, एलुबी तुम्हाला तोच प्रश्न विचारणार आणि तुम्ही सगळ्यांसमोर खरं उत्तर द्यायचं. मामाशिवाय बोलणी होत नाहीत हे तुम्ही जाणता. तुम्ही आला नाहीत तर माझं लग्न मोडलं. आणि अपमान झाला की तुम्ही महिनाभर उंबरा ओलांडत नाही हे मी जाणतो, म्हणून हे सहीच्या खाली लिहिलं.

ता. क. दुसरा. फोटो परत टांगताना भीत भीत आईला सगळं सांगितलं. ती घेवडा निवडत होती, मान वर केली नाही. म्हणाली, "मला ठाऊक होतं. त्याच वर्षी शेजारच्या डोरिकाच्या भावाचाही तिथून फोटो आला होता. तीच मोटार, तोच कोट. त्याला तो अंगाबरोबर बसला होता." मी म्हटलं, मग दर रविवारी चर्चला जाण्याआधी तू तो फोटो पुसतेस कशाला?

"मी मोटार पुसत नव्हते रे," ती म्हणाली.

कोंबडा आमच्याकडे आहे. तुम्ही फक्त या.